‘अजून नाही’ म्हणण्याचा अधिकार



या व्यासपीठावरून आज मी एकाच विषयावर बोलणार आहे. आपली नागरी सहकारी बँक बाहेरच्या कंपनीकडून सॉफ्टवेअर घेते, वर्षानुवर्षांची खाती त्यात आणते आणि ठरलेल्या सोमवारी काउंटर उघडते. निविदेपासून त्या सोमवारपर्यंत ‘थांबा, आपली अजून तयारी नाही’ असे म्हणण्याचा अधिकार बँकेत नेमका कोणाकडे असतो? फार थोड्या बँकांत या प्रश्नाला एका नावाचे उत्तर मिळते. खरेदीत आपण दराची घासाघीस करतो, वैशिष्ट्यांचे तक्ते जुळवतो, एएमसीची, म्हणजे वार्षिक देखभाल कराराची, टक्केवारी खाली आणतो. हा अधिकार मात्र कोणत्याही ठरावात लिहिलेला नसतो. आणि अधिकार दिला तरी तो वापरणाऱ्याला आपल्या बँकेचे व्यवहार मुळापासून माहीत असावे लागतात. मी आज मांडणार आहे ते एवढ्यापुरतेच आहे.

सुरुवात निविदेपासून करू. दुसऱ्या बँकेचा आरएफपी, म्हणजे निविदेचा दस्तऐवज, मागवून त्यावर आपले नाव घालायचे, ही प्रथा आपल्याकडे सर्रास आहे. त्यात ‘ठेवी, कर्जे, क्लिअरिंग, लॉकर’ अशी प्रकरणे असतात आणि प्रत्येकापुढे व्हेंडर ‘उपलब्ध’ असे लिहून देतो. पण व्यापारी बँकेसाठी घडवलेल्या प्रणालीला सहकारी बँकेचे कितीतरी व्यवहार ठाऊक नसतात. तारणी कर्जाला अडीच टक्के आणि विनातारण कर्जाला पाच टक्के भाग घ्यायचे, हा भाग आणि कर्जाचा संबंध तिथे नसतो. नाममात्र सभासद नसतो, थकीत व्याजाची तरतूद म्हणजे आपली ओआयआर नसते. पिग्मी एजंट शनिवारी गोळा करतो आणि सोमवारी भरतो, त्याचे कमिशन कुठल्या तारखेला धरायचे हे नसते. मुदत संपल्यावर चार महिन्यांनी ठेवीदार पावती घेऊन आला, तर मधल्या दिवसांना व्याज कोणत्या दराने द्यायचे, हे पूर्वी बँकाबँकांत निराळे होते. काही बँकांत तर शाखाशाखांत निराळे होते.

हे नियम असतात कुठे? काही परिपत्रकांत, काही संचालक मंडळाच्या जुन्या ठरावांत आणि बरेचसे पुढच्या दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्या एखाद्या वरिष्ठ अधिकारी बाईंच्या डोक्यात. म्हणून माझा आग्रह आहे की व्हेंडरला दारात बोलावण्याआधी या बाईंना शाखेच्या कामातून मोकळे करा आणि त्यांच्याकडून बँकेची नियमवही लिहून घ्या. त्यात काही महिने गेले तरी जाऊ द्या. ही वही हाती आल्यावरच निविदेला अर्थ येतो. डेमोचेही तसेच. व्हेंडर स्वतःच्या नमुना खात्यांवर सगळे सुरळीत चालवून दाखवतो. त्याच्यापुढे आपली दहा अवघड खाती ठेवावीत: अज्ञानाचे सज्ञान झालेले खाते, अर्धे दागिने सोडवलेले सुवर्णतारण, हप्त्यांची फेरबांधणी केलेले कर्ज, नामनिर्देशन असलेल्या मृत ठेवीदाराची पावती. ती चालवून दाखवा म्हणावे. काय जमते आणि काय नाही, हे एका दुपारी कळते.

नियमवही न लिहिल्याची किंमत किती होऊ शकते, याचे सर्वांत ठळक उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. क्वीन्सलँड राज्याच्या आरोग्य खात्याने मार्च २०१० मध्ये पगाराची नवी प्रणाली सुरू केली. कर्मचारी पाऊण लाखाहून अधिक. वेगवेगळे करार, दोनशेहून जास्त भत्ते, पाळ्यांचे हिशोब. पहिल्याच पगारापासून कुणाला कमी पैसे मिळाले, कुणाला जास्त, कुणाला काहीच नाही. या कामाचा सुरुवातीचा करार सुमारे ६२ लाख डॉलरचा होता. पुढे सगळे निस्तरायचा अंदाजी खर्च १२० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर गेला. २०१३ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला. व्हेंडरवर त्यात ठपका होताच, पण आपल्याला नेमके काय हवे हे सरकारी खात्याने कधी पुरते मांडलेच नव्हते, हेही त्यात स्पष्ट आले. मला त्यातली आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. चाचण्यांवर देखरेख करणाऱ्याने प्रणाली तयार नसल्याचे लेखी कळवले होते. तरीही दोषांची गंभीरता कागदावर खालच्या श्रेणीत आणून प्रणाली सुरू केली गेली. सांगणारा माणूस होता, कागदही होता. पण त्याच्या सांगण्याने काम थांबेल, अशी व्यवस्था नव्हती.

नियम लिहून झाले की लगेच दुसरा वाद उभा राहतो: प्रणाली आपल्याप्रमाणे बदलून घ्यायची की आपण प्रणालीप्रमाणे बदलायचे? प्रत्येक चेंज रिक्वेस्टला पैसे पडतात आणि पुढच्या प्रत्येक आवृत्तीत तो बदल पुन्हा तपासावा लागतो. जर्मनीच्या लिडल या किराणा साखळीने सात वर्षे आणि सुमारे ५० कोटी युरो घालवून २०१८ मध्ये नवी प्रणाली सोडून दिली. ते मालसाठ्याचा हिशोब खरेदी किमतीवर ठेवत, प्रणाली विक्री किमतीवर ठेवत होती, आणि ती सवय त्यांना बदलायची नव्हती. माझे मत असे आहे: कायद्याने बांधलेले आणि ठेवीदाराला दिलेल्या शब्दाने बांधलेले जे असेल, तिथे सॉफ्टवेअर बदलून घ्यावे. बाकी सगळी आपली सवय आहे. सवय सोडायला संचालक मंडळाने धीर दाखवावा, फॉर्मचा रंग आणि रजिस्टरचे रकाने जपण्यासाठी सभासदांचे पैसे घालवू नयेत.

आता मायग्रेशन, म्हणजे जुनी खाती नव्या प्रणालीत हलवणे. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्या बँकांत सर्वाधिक जखमा इथेच होतात. ब्रिटनमधील टीएसबी बँक पूर्वी लॉइड्सचा भाग होती. वेगळी झाल्यावरही ती लॉइड्सच्याच प्रणालीवर चालत होती. २०१५ मध्ये स्पेनच्या साबादेल बँकेने ती घेतली आणि स्वतःच्या समूहातल्या कंपनीकडून नवी प्रणाली बसवायचे ठरले. एप्रिल २०१८ च्या एका शनिवार-रविवारी ५२ लाख ग्राहकांची खाती एकदम हलवली. खात्यांची माहिती नीट गेली, पण प्रणाली भार पेलू शकली नाही. लाखो लोकांना स्वतःच्या खात्यात शिरता येईना, काहींना दुसऱ्याची खाती दिसू लागली. कारभार पूर्ण सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड केला.

नंतरच्या चौकशीतील तीन गोष्टी प्रत्येक बँकेच्या संचालकांनी वाचाव्यात. पहिली, खाती हलवण्याची तारीख आधी जाहीर झाली आणि काम त्या तारखेत बसवले गेले. दुसरी, दोन डेटा सेंटर असताना भाराची चाचणी एकावरच झाली होती. तिसरी, पुरवठादार कंपनीने आपली तयारी असल्याचे कळवले आणि त्या कळवण्याच्या मागे काय आहे, हे बँकेने खोलात जाऊन विचारले नाही. तो पुरवठादार स्वतः ८५ वेगवेगळ्या कंपन्यांवर अवलंबून होता. २०२३ मध्ये बँकेच्या तेव्हाच्या माहिती-तंत्रज्ञान प्रमुखांना व्यक्तिशः ८१,६२० पौंड दंड झाला. व्हेंडरवर पुरेशी देखरेख केली नाही, हा त्यांचा दोष ठरला. ‘व्हेंडर म्हणाला’ हे उत्तर तिथे चालले नाही.

आपल्याकडे तारखेचा दबाव वेगळ्या रूपात येतो. दसऱ्याचा मुहूर्त साधायचा असतो, वार्षिक सभेत अध्यक्षांना घोषणा करायची असते, ३१ मार्चच्या आधी सगळे हवे असते. मुहूर्ताबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण मुहूर्ताच्या आदल्या रात्री ट्रायल बॅलन्स जुळत नसेल आणि फरक सस्पेन्स खात्यात टाकून दिवसाचे काम सुरू (डे-बिगिन) केले जात असेल, तर तो फरक पुढे कित्येक वर्षे लेखापरीक्षकाच्या शेऱ्यांत फिरत राहतो. एकूण शिल्लक जुळणे पुरेसे नसते. खातेनिहाय शिल्लक, व्याज लागू होण्याची तारीख, थकबाकीचे दिवस, नामनिर्देशन, सह्यांचे नमुने हे सगळे उतरले आहे का, हे शाखेने स्वतः पाहून सही करावी. थकबाकीचे दिवस चुकीचे आले, तर नव्वद दिवसांचा हिशोब चुकतो आणि बँकेचा एनपीए, म्हणजे थकीत कर्जांचा आकडाच खोटा ठरतो. निदान दोन महिनाअखेरी आणि एक तिमाहीअखेर दोन्ही प्रणाली समांतर चालवाव्यात. कर्मचाऱ्यांना दुप्पट काम पडते, हे मी जाणतो. त्याचा मोबदला द्यावा आणि त्या काळात रजेवर गेलेल्यांच्या जागी माणसे द्यावीत. तो खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा.

करारावर आता थोडक्यात. रिझर्व्ह बँकेने १० एप्रिल २०२३ रोजी माहिती-तंत्रज्ञान सेवा बाहेर देण्याबाबत निर्देश काढले, ते १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले. काम बाहेर दिले तरी बँकेची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही आणि व्हेंडरपासून बाहेर पडायचा मार्ग आधीच आखलेला हवा, हे त्यांचे सार. टियर १ आणि टियर २ मधल्या, म्हणजे तुलनेने लहान, बँकांना ते निर्देश लागू केले गेले नाहीत. या सभागृहातल्या बहुतेक बँका त्या दोन गटांतल्या असाव्यात. त्यांनी सक्ती नसतानाही ते निर्देश समोर ठेवूनच करार करावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माहिती बँकेची आहे आणि करार संपल्यावर ती कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत, किती शुल्कात परत मिळेल, हे वाक्य करारात नसेल तर सही करू नका. व्हेंडर बंद पडला तर सोर्स कोडचे काय, याचीही तरतूद हवी.

जुलै २०२४ च्या अखेरीस अनेकांनी एक धडा प्रत्यक्ष अनुभवला. सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवापुरवठादारावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. खबरदारी म्हणून देशाची किरकोळ पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयने त्याला त्या यंत्रणेपासून वेगळे केले आणि सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार थांबले. त्या बँकांच्या शाखांत काही बिघडले नव्हते. तरीही काउंटरसमोर उभ्या असलेल्या माणसाला उत्तर शाखाधिकाऱ्यालाच द्यावे लागले. आपला व्हेंडर कोणावर विसंबून आहे, हे विचारणे म्हणूनच आपले कर्तव्य आहे.

प्रणाली सुरू झाल्यानंतरच्या काळाबद्दल बोलताना मला ब्रिटनच्या टपाल खात्याचे होरायझन प्रकरण टाळता येत नाही. १९९९ पासून उपडाकघरांत हिशोबाची ही प्रणाली आली. हिशोबात तूट दिसू लागली आणि ती तूट उपडाकपालांनी भरायची, अशी करारात सोय होती. मदतकेंद्राला फोन केला तर ‘अशी तक्रार तुम्हीच एकटे करता’ असे ऐकायला मिळाल्याचे अनेकांनी सांगितले. नऊशेहून अधिक जणांवर गुन्हे शाबित झाले, काही तुरुंगात गेले, काहींनी घरे विकली, काहींनी जीव दिला. पुरवठादाराच्या कर्मचाऱ्यांना दुरून शाखेच्या हिशोबात हात घालता येतो, हे वर्षानुवर्षे नाकारले गेले. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले आणि २०२४ मध्ये संसदेने कायदा करून दोषसिद्धी रद्द केल्या.

ते प्रकरण वाचताना मला आपले कॅशियर आणि पिग्मी एजंट आठवत राहिले. संध्याकाळी रोकड जुळली नाही, तर आपण कॅशियरकडून भरून घेतो. नव्या प्रणालीच्या पहिल्या वर्षात, जोवर व्हेंडरचा लॉग तपासला जात नाही, तोवर एकाही कर्मचाऱ्याकडून तूट वसूल करू नये, असा ठराव प्रत्येक बँकेने करावा. शिवाय व्हेंडरचा माणूस दुरून आत आला तर कोण, कधी आणि कशासाठी, याची नोंद व्हेंडरकडे नव्हे, बँकेकडे राहिली पाहिजे.

मी सुरुवातीला ज्या अधिकाराबद्दल बोललो, तो कोणाला द्यावा? मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना नको, त्यांच्यावर तारखेचा भार असतो. व्हेंडरच्या प्रकल्प व्यवस्थापकाला तर नाहीच. शाखेत आणि मुख्य कार्यालयात दोन्हीकडे काम केलेला, खतावणीही समजणारा आणि डेटाबेसची क्वेरीही वाचू शकणारा एक अधिकारी निवडावा. त्याची ‘तयार नाही’ ही टिपणी संचालक मंडळाच्या इतिवृत्तात नोंदवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असे लिहून ठेवावे. मंडळाला ती टिपणी डावलायचा हक्क असेल, पण डावलणाऱ्या प्रत्येक संचालकाचे नाव तिथे राहील. छोट्या बँकेला असा माणूस परवडत नाही, असे म्हटले जाईल. त्यावर माझी सूचना आहे की एका जिल्ह्यातल्या चार-पाच बँकांनी मिळून असा एक माणूस ठेवावा. एकाच व्हेंडरच्या ग्राहक असलेल्या बँकांनी दोषांची सामायिक नोंदवही सुरू करावी, म्हणजे एका बँकेत सापडलेली व्याजाची चूक दुसरीला पुन्हा शोधत बसावी लागणार नाही.

उद्या सकाळचे पहिले सत्र मी संयोजकांच्या परवानगीने या कामासाठी मागून घेतले आहे. नमुना करारातील बाहेर पडण्याचे कलम, अवघड खात्यांची यादी आणि त्या अधिकाऱ्याच्या नेमणुकीच्या ठरावाचा मसुदा असे तीन कागद आपण एकत्र बसून पुरे करू. येताना आपापल्या बँकेचा चालू करार सोबत आणा.