नाताळची धांदल आणि शास्त्रवाचन

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'आगमनकाळात शास्त्रवाचनाला वेळ कसा काढावा' हा विषय कार्यकारिणीने मला दिला. तो ऐकताच माझ्या मनात आले की, बरे झाले, वर्धापनदिन नोव्हेंबरात येतो. हेच भाषण डिसेंबरात ठेवले असते तर ऐकायला कोणी आले नसते, आणि बोलायला मीही आले नसते.

आज शेजारच्या पुष्कळ भगिनी येथे आहेत, म्हणून आगमनकाळ म्हणजे काय ते आधी थोडक्यात सांगते. नाताळापूर्वीचे चार रविवार आणि त्यांच्यामधले दिवस यांना आम्ही आगमनकाळ म्हणतो. ३० नोव्हेंबर हा अंद्रिया प्रेषिताचा दिवस. त्याला सर्वांत जवळचा जो रविवार, तो आगमनकाळाचा पहिला. म्हणून हा काळ कधी २७ नोव्हेंबरला सुरू होतो, तर कधी पार ३ डिसेंबरला. नाताळ रविवारी आला तर पुरते अठ्ठावीस दिवस हाती येतात. सोमवारी आला तर बावीसच. हे सहा दिवस कुठे जातात ते पंचांगाला विचारू नका, घरातल्या बाईला विचारा!

पाचव्या शतकाच्या सुमारास गॉल देशात, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, ११ नोव्हेंबरपासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास करण्याची चाल पडली होती. तेव्हा हा काळ तोंड आणि हात दोन्ही आवरून बसण्याचा. आमच्यापैकी ज्यांची घराणी जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांतली आहेत, त्यांच्याकडे वर्षाचे असे ऋतू पाळण्याची चाल पूर्वी फारशी नव्हती. पुढे १९७० साली नागपुरात निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. तो दिवस २९ नोव्हेंबरचा, आणि तोच त्या वर्षीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार होता. हे मला फार गोड वाटते.

तर असा हा वाट पाहण्याचा काळ. आणि आपण त्यात काय करतो? घराला रंग. पडदे धुणे. माळ्यावरची चांदणी काढून तिची वायर उंदराने कुरतडली आहे की काय ते पाहणे. मुलांचे कपडे शिंप्याकडे, आणि शिंपी 'उद्या या' म्हणतो म्हणून रोज त्याच्याकडे. संडे-स्कूलच्या नाटकातल्या देवदूतांना पंख. गायनमंडळाची तालीम. रात्री बारा वाजता दारी येणाऱ्या गाणेकऱ्यांना चहा. मुंबईचे पाहुणे. आणि फराळ! करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे. शिवाय शेजारी दिवाळीची ताटे आलेली असतात, ती रिकामी कशी पाठवावयाची? या सगळ्याला मी नावे ठेवीत नाही. मला हे सर्व आवडते. ज्या घरात नाताळला तळणीचा वास येत नाही त्या घराकडे मी जरा संशयानेच पाहते.

वेळ काढण्याचा जो उपदेश आपल्याला नेहमी मिळतो तो असा: पहाटे चारला उठा, शांत वेळ असतो, तेव्हा वाचा. उपदेश चांगला आहे. पण आमच्या भागात नळाला पाणी पाचला येते, त्याआधी पिंपे घासून ठेवावी लागतात. पहाटेच्या शांततेविषयी बोलणाऱ्या माणसाच्या हातात बहुधा कोणीतरी करून दिलेला चहा असतो, असे माझे निरीक्षण आहे.

दुसरा उपदेश मार्थेचा. लूकच्या दहाव्या अध्यायातली ती गोष्ट दर डिसेंबरात आपल्याला ऐकवतात. मरिया प्रभूच्या पायाशी बसून ऐकत होती, मार्था स्वयंपाकात होती आणि ती चिडली. तात्पर्य: बायांनो, मार्था होऊ नका. एवढे सांगून झाले की उपदेशक खाली उतरतात आणि करंज्यांच्या ताटाजवळ जातात. भगिनींनो, तो भाग नीट वाचा. स्वयंपाक केला म्हणून मार्थेला बोल लागलेला नाही. पुष्कळ गोष्टींची काळजी करून ती व्याकूळ झाली होती, ते प्रभूने दाखवले. आणि योहानाच्या अकराव्या अध्यायात, भाऊ मेलेला असताना, 'तू ख्रिस्त आहेस' हा विश्वास स्वतःच्या तोंडाने बोलून दाखवणारी बाई कोण? हीच मार्था. स्वयंपाकघरात राहूनही तिच्या कानावर पुष्कळ पडत असले पाहिजे.

या 'कानावर पडण्या'विषयीच मला आज बोलावयाचे आहे.

वाचन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक बाई, एक पुस्तक, बंद दार आणि रिकामे हात असे चित्र उभे राहते. असा वेळ डिसेंबरात मिळत नाही, मग आपण वाचन जानेवारीवर टाकतो. पण आपल्या देशात बायकांनी असे वाचन केले तरी कधी? शेजारच्या भगिनींना हे सांगायला नको. श्रावणात एकीने पोथी वाचावयाची आणि बाकीच्यांनी वाती वळता वळता ऐकावयाची, हे त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. आमच्या पणज्यांतही वाचता येणाऱ्या थोड्याच, बाकीच्या ऐकणाऱ्या. त्यांना शास्त्र आपल्याहून कमी येत होते असे मात्र कोणी म्हणू नये.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण मला येथे घ्यावेसे वाटते. दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली आणि बायका त्यांनी केडगावला मुक्तीमध्ये आणल्या. त्यांचे खाणेपिणे, आजार, शाळा, शेती, विहिरी हे सारे पाहत असतानाच रमाबाईंनी सबंध बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. हिब्रू आणि ग्रीक शिकून, मुळावरून! त्यांना साध्या बायकांना समजेल अशी सोपी मराठी हवी होती. खिळे जुळवण्याचे आणि छपाईचे काम मुक्तीतल्या बायकांनी केले. १९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. त्यानंतरही काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. ज्या बाईला खरोखरीच क्षणाची फुरसत नव्हती, तिने आपल्याकरिता वाचायचे पुस्तक तयार करून ठेवले आहे. माझा विश्वास असा आहे की, खिळे जुळवणाऱ्या त्या मुलींनी ते ग्रंथालयात बसणाऱ्या कोणाहूनही जास्त सावकाश वाचले असेल. एकेक अक्षर उचलून लावायचे म्हणजे दुसरे काय?

आता आमच्या गल्लीत आम्ही काय करतो ते सांगते. आगमनकाळाचे चार आठवडे, आणि रूथच्या पुस्तकाचे अध्याय चार. सगळी मिळून पंच्याऐंशी वचने. एक अध्याय सावकाश, मोठ्याने वाचायला पाच-सहा मिनिटे लागतात. करंजीचा रवा-मैदा भिजवून आपण अर्धा तास झाकून ठेवतो की नाही? त्या अर्ध्या तासात अध्याय वाचून होतो, त्यावर बोलणेही होते आणि सारणात वेलदोडा कमी पडला की काय हा वादही मिटतो. फराळ आम्ही पाळीपाळीने एकेकीच्या घरी एकत्र करतो. दर शनिवारी एक घर, एक अध्याय. एकजण वाचते, बाकीच्यांचे हात चालू.

रूथच का, असे विचाराल. मत्तयाच्या पहिल्या अध्यायात येशूची वंशावळ आहे. नावांची ती लांबलचक यादी आपण सगळ्याजणी ओलांडून जातो. त्या पुरुषांच्या यादीत मरियेखेरीज चार बायका आहेत: तामार, राहाब, रूथ, आणि उरियाची बायको, जिचे नावसुद्धा लिहिलेले नाही. त्यांतली रूथ ही मवाबातली परदेशी विधवा. सासूबरोबर ती बेथलेहेमात आली, सातूच्या कापणीच्या दिवसांत लोकांच्या शेतात सरवा वेचून तिने दोघींचे पोट भरले. आपल्या ज्या भगिनींनी ज्वारीच्या शेतात सरवा वेचला आहे त्यांना तो अध्याय समजावून सांगावा लागत नाही. उलट त्यांनीच आम्हाला सांगितले की, पुढे कापणाऱ्या गड्यांनी मुद्दाम मूठभर कणसे टाकली तर वेचणारीला ते लगेच कळते, आणि ती कळल्याचे दाखवत नाही.

गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगते. ज्यांची ती आहे त्या येथे बसल्या आहेत आणि त्यांनी सांगायला मोकळीक दिली आहे. नाव मात्र मी घेणार नाही. त्यांचा तरणा मुलगा त्या पावसाळ्यात गेला. त्या शनिवारी त्या आल्या आणि कोणाशी न बोलता कातण घेऊन करंज्या कापायला बसल्या. कॉलेजात जाणारी एक मुलगी वाचत होती. रूथचे पुस्तक आपण लग्नात ऐकतो ते सुनेच्या बोलण्यापुरते. त्यापुढे सासू काय बोलते ते आपल्या कानी येत नाही. नवरा आणि दोन्ही मुलगे परमुलुखात पुरून नामी गावात परतते. गावच्या बाया म्हणतात, ही नामी ना? ती म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. मी भरलेली गेले होते, देवाने मला रिकामी आणले. मारा म्हणजे कडू.

"थांब ग," त्या बाई म्हणाल्या. "तेवढे पुन्हा वाच."

मुलीने पुन्हा वाचले.

"आणि मग? त्या बाया तिला काय म्हणाल्या?"

मुलीने पुढे पाहिले. बायांनी काही म्हटल्याचे लिहिलेले नाही. 'असे बोलू नये' म्हणून कोणी तिला गप्प केलेले नाही.

कढईतले तेल फार तापले होते, एक घाणा करपला. कोणी उठले नाही.

त्या चारही शनिवारी आल्या. चौथ्या अध्यायात रूथला मुलगा होतो, नामी त्याला उराशी धरते आणि शेजारणीच त्याचे नाव ओबेद ठेवतात. तो दाविदाचा आजा. ते वाचताना त्या उठून आत गेल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "तिला नातू मिळाला. पण तिचे मुलगे काही परत आले नाहीत. तेही लिहायला हवे होते." मी उत्तर दिले नाही. मजजवळ उत्तर नव्हते, आणि बेथलेहेमच्या बायांनीही पहिल्या अध्यायात दिले नव्हते. त्या वर्षी त्यांच्या दारावर चांदणी लागली नाही. नाताळच्या उपासनेला मात्र त्या आल्या, आणि माझ्याशेजारी बसल्या.

म्हणून माझे आग्रहाचे मागणे हे की, वाचावयाचे ते सलग वाचा. सकाळी उठल्याबरोबर मोबाइलवर गुलाबाच्या फुलांत बसवलेले एखादे गोड वचन येते आणि आपण ते दहाजणींना पुढे ढकलतो. त्यात वाईट काही नाही. पण ते वाचन नव्हे. त्या फुलांत नामीचे कडू बोल कोणी बसवत नाही. शोकात असलेल्या बाईला गोड वचने चहूकडून मिळतात. तिच्यासारखे बोलणारी बाई मात्र अध्याय पुरता वाचल्यावाचून भेटत नाही. तोच मोबाइल दुसऱ्या रीतीने वापरता येतो. मराठी शास्त्र आता त्यावर ऐकायलाही मिळते. एकटीच भांडी घासत असाल तर लूकचा पहिला अध्याय लावून ठेवा. ऐंशी वचनांचा, लांब आहे. पण अलीशिबा आणि मरिया या दोन गरोदर बायकांची भेट त्यात आहे, आणि जखऱ्या याजक मुका होऊन घरात बसला आहे. ऐकताना काम हलके होते. (हे मी जखऱ्याला उद्देशून म्हटलेले नाही.)

घरात पुरुषमाणसे असतील तर त्यांच्याकडूनही वाचून घ्यावे. चकलीचा सोऱ्या दाबायला त्यांना बोलावले तर ते काहीतरी काम काढून बाहेर जातात. पण खुर्चीवर बसून वाचून दाखवायला सहसा नाही म्हणत नाहीत.

यंदाचे पहिले वाचन येत्या आगमनकाळाच्या पहिल्या शनिवारी दुपारी तीनला आमच्या घरी आहे. शेजारच्या भगिनींनाही आग्रहाचे बोलावणे. ऐकायला कोणालाही मज्जाव नाही आणि करंज्या कापायला हात हवेच आहेत. पोळपाट-लाटणे आणि आपले शास्त्र घेऊन यावे. दुसरा अध्याय कोणाच्या घरी, ते त्या दिवशी ठरवू. ज्यांच्या चष्म्याचा नंबर बदलला आहे, त्यांनी तेवढे काम याच आठवड्यात उरकून घ्यावे. पुढे चष्मेवाल्याकडे जायला सवड मिळत नाही.