शहर आवाज कसा मोजतं?

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, शहरातल्या गोंगाटाशी आपलं काय देणंघेणं? पण आपल्यातल्या कितीजणींची मुलं आज मुंबईत, पुण्यात खोली घेऊन राहतात. लेकीच्या बाळंतपणाला जाऊन आलेल्या बायका सांगतात, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, बाळ सारखं दचकत होतं. आणि दुसरं असं, की शहरात ज्या नियमांवरून कोर्टकचेऱ्या झाल्या, ते नियम गावाच्या वेशीवर थांबत नाहीत. ते आपल्यालाही लागू आहेत. म्हणून हा विषय घेतला.

आधी एक जुनी, जड गोष्ट सांगतो. १९९८ साली एका तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. ती मदतीसाठी ओरडत होती. पण शेजारी कर्ण्यावर मोठ्यानं गाणी लागली होती, तिचा आवाज कुणालाच ऐकू गेला नाही. त्याच संध्याकाळी तिनं स्वतःला जाळून घेतलं आणि ती गेली. यावरून अनिल मित्तल नावाचे एक इंजिनिअर सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ जुलै २००५ ला निकाल लागला. रात्री दहा ते सकाळी सहा कर्णे बंद, हे जे आपण ऐकतो, त्यामागे ही मुलगी आहे. डीजे बंद करा म्हटलं की 'तुम्हाला आनंद बघवत नाही' असं ऐकवणाऱ्यांना आम्ही हीच गोष्ट सांगतो.

आता आवाज मोजायचा कसा? धान्य किलोत, दूध लिटरमध्ये, तसा आवाज डेसिबलमध्ये मोजतात. फरक एवढाच की हे माप सरळ चढत नाही. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दहापट होते. आपण दोघी समोरासमोर बसून बोलतो तो आवाज साठच्या आसपास. चटणी वाटणारा मिक्सर ऐंशीच्या पुढे. डीजेच्या भिंतीजवळ तर शंभरच्याही वर.

८५ डेसिबलच्या आवाजात माणसानं दिवसाला आठ तास काम केलं तर ती कानाची शेवटची हद्द, असं तज्ज्ञ धरतात. त्यावर दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मी करायची. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. असं करत शंभरला आलात की उरतात फक्त पंधरा मिनिटं. आणि आपली पोरं वरातीत डीजेसमोर तीन-तीन तास नाचतात! कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात, आवाज त्या ओळखतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. तिथे औषध नाही, गोळी नाही.

शहराचं काम इथून सुरू होतं. सन २००० मध्ये केंद्र सरकारनं ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. त्यात जागेचे चार भाग पाडले. कारखान्यांच्या भागात दिवसा ७५ डेसिबल आणि रात्री ७०. बाजारपेठेत ६५ आणि ५५. राहत्या वस्तीत ५५ आणि ४५. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र, तिथे ५० आणि ४०. कर्ण्यासाठी आणखी एक गोष्ट आहे. सार्वजनिक जागेत तो लावला तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज तिथल्या मर्यादेपेक्षा फार तर दहानं जास्त, किंवा ७५, यातलं जे कमी असेल तेवढाच चालतो. म्हणजे राहत्या वस्तीत दिवसासुद्धा ६५. आपण दोघी बोलतो त्याहून थोडाच मोठा! आता सांगा, कुठल्या हळदीत हे पाळलं जातं?

नियम कागदावर होता, पण शहरात नेमका कुठे किती आवाज आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मुंबईत सुमैरा अब्दुलअली या बाई वर्षानुवर्षं हातात आवाजमापक घेऊन गणपतीत, नवरात्रात, दिवाळीत फिरल्या, आकडे लिहून ठेवले आणि न्यायालयात गेल्या. आवाज फाउंडेशन ही त्यांची संस्था. तक्रार तोंडी राहिली तर 'तुम्हालाच त्रास होतो' म्हणतात, आकडा पुढे ठेवला की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मोठा निकाल दिला. त्यात राज्यातल्या मोठ्या शहरांचे आवाजाचे नकाशे करा असंही सांगितलं. नागपूरच्या नीरी संस्थेनं २७ शहरांत मोजणी केली. जमिनीच्या नकाशात जशी काळी, मुरमाड दाखवतात, तसं या नकाशात कुठला चौक, कुठला रस्ता किती गोंगाटाचा ते दिसतं.

नकाशा हातात आला की खरं नियोजन करता येतं. नवा दवाखाना हमरस्त्याला लागून बांधायचा की आतल्या बाजूला, पुलाच्या कडेला आवाज अडवणारी भिंत कुठे घालायची, हे ठरवता येतं. भिंत उंच असावी लागते, रस्ता दिसेनासा झाला तरच आवाज अडतो. झाडांची एक रांग सावलीला बरी, आवाजाला फारशी नाही. सगळ्यात स्वस्त उपाय मात्र आवाज निघतो तिथेच तो कमी करण्याचा. मुंबई पोलिसांनी २०२० च्या सुरुवातीला एक गमतीशीर प्रयोग लोकांसमोर आणला. सिग्नलला आवाजमापक जोडला. लाल दिव्यावर थांबलेल्या गाड्यांचा हॉर्न ८५ च्या वर गेला की लाल दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू! ज्यांना घाई, त्यांनाच थांबावं लागलं. दंडाच्या पावतीपेक्षा हे आम्हाला जास्त पटलं.

सगळंच असं सरळ झालं नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रानं नियम बदलला. राज्य सरकारनं नाव घेऊन जाहीर केल्याशिवाय ती जागा शांतता क्षेत्र धरायची नाही, असं ठरलं. म्हणजे आधी दवाखाना होता म्हणून शंभर मीटर शांतता होती, आता आधी कागद हवा. आमच्या मते हे उलटं झालं. आजाऱ्याला कागद बघून झोप येत नाही. सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत कर्ण्याला सवलत देता येते, ती मात्र शांतता क्षेत्रात चालत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आणखी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. कर्णा लावणं हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, ही पहिली. दुसरी गोष्ट आपल्या फार कामाची आहे. तक्रार आली की पोलिसांनी तक्रार करणाऱ्याचं नाव-गाव शोधत बसायचं नाही आणि ते समोरच्याला कळू द्यायचं नाही. आधी समज, मग दंड, तरीही ऐकलं नाही तर कर्णा जप्त, अशी पायरी-पायरीनं कारवाई करायची.

गावात तक्रार करायची म्हटलं की पहिला प्रश्न हाच असतो ना? उद्या पाणवठ्यावर, दळणाला त्यांचीच माणसं भेटणार. भावकीत वाकडं कोण घेणार? म्हणून एकटीनं जाऊ नका. ११२ ला फोन करताना ठिकाण, सुरू झाल्याची वेळ आणि जवळ दवाखाना किंवा शाळा आहे का, एवढं सांगा. नाव सांगायची गरज नाही. मोबाईलवर आवाज मोजायचं अ‍ॅप मिळतं. ते पोलिसांच्या यंत्राइतकं नेमकं नसतं, पण अंदाज येतो. आकडा, तारीख, वेळ गटाच्या वहीत लिहून ठेवा.

त्याहून बरं म्हणजे सुपारी द्यायच्या आधीच बोलणं. ज्या घरात लग्न ठरलंय तिथल्या काकूंना, वहिनींना गाठा. डीजेचा खर्च शेवटी त्यांच्याच गळ्यात येतो, त्यामुळे त्या ऐकतात असा आमचा अनुभव आहे. तुमच्या गटानं असं काही ठरवलं असेल, किंवा ठरवून जमलं नसेल, तर बुधवारी दुपारी स्टेशनवर या. वही घेऊन या, आकडे आपण पुढच्या कार्यक्रमात वाचू.