रमजानचे रोजे आणि मधुमेह
(पौड, ता. मुळशी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



रमजानचा महिना संयमाचा, दानाचा आणि आत्मशुद्धीचा. मधुमेह जडलेल्या माणसापुढे मात्र तो एक अवघड प्रश्न उभा करतो. रोजा सोडावा तर मनाला रुखरुख लागते. धरावा तर देह साथ देईल याची शाश्वती नसते. डॉक्टर मनाई करतील या भीतीने अनेक जण रोजा लपवितात आणि औषधे आपल्या मनाने बंद करतात. खरा धोका येथेच आहे.

२००१ साली १३ देशांतील बारा हजारांहून अधिक मधुमेही मुसलमानांची पाहणी झाली. त्यांपैकी दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे बहुधा प्रौढपणी जडणाऱ्या मधुमेहाच्या ७९ टक्के रुग्णांनी निदान १५ दिवस रोजे केले होते. रक्तातील साखर गंभीररीत्या उतरण्याचे प्रमाण त्यांच्यात इतर महिन्यांच्या सुमारे साडेसात पट आढळले. इन्सुलिन अथवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी उपाशीपोटीही साखर उतरवीतच राहते. उलट, औषध अजिबात थांबविल्यास इफ्तारनंतर साखर बेसुमार चढते. म्हणून औषधाची वेळ व मात्रा बदलावी लागते, आणि ते काम डॉक्टरांचेच आहे.

कुराणाच्या ‘अल्-बकरा’ या अध्यायातील १८४ व १८५ क्रमांकांच्या आयतींत आजारी माणसाला सवलत दिलेली आहे. राहिलेले रोजे त्याने पुढे करावेत; ज्याला ते झेपतच नाहीत त्याने गरिबाला जेवू घालावे. ही सवलत धर्मानेच दिलेली आहे. ती घेण्यात कमीपणा कसला?

रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी तपासणी करून घ्यावी. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेले, मूत्रपिंडे बिघडलेले, इन्सुलिन घेणाऱ्या गर्भवती, तसेच गेल्या तीन महिन्यांत साखर गंभीररीत्या उतरलेले रुग्ण यांनी रोजा न धरणेच श्रेयस्कर. इतरांनी सहेरी शक्य तितकी उशिरा करावी; तीत भाकरी, डाळ, भाजी असावी. इफ्तारला तळलेले व गोड पदार्थ बेताने घ्यावेत आणि रात्री भरपूर पाणी प्यावे. बोट टोचून रक्त तपासल्याने रोजा मोडत नाही, असे बहुसंख्य धर्मपंडितांचे मत आहे.

साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा तत्काळ सोडावा. हातपाय कापणे, दरदरून घाम फुटणे, भ्रम होणे ही साखर उतरल्याची लक्षणे होत. अशा वेळी सूर्यास्ताची वाट पाहू नये. साखरपाणी लगेच घ्यावे. पिरंगुटच्या कारखान्यात यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराने, किंवा ताम्हिणीकडील वाडीवर, जेथे वाहन मिळेपर्यंतच वेळ जातो तेथील शेतकऱ्याने तर खिशात साखरेची पुडी ठेवावीच.

घरच्या मंडळींनाही माझी विनंती आहे. आजारी वडिलांनी रोजा सोडला तर त्यांना टोकू नका. त्यांच्या हाती पाण्याचा पेला द्या. तीही सेवाच आहे.