फादर दिब्रिटो : मराठीतले पौरोहित्य



फादर फ्रान्सिस दिब्रिटो म्हटले की उस्मानाबादचे २०२० चे साहित्य संमेलन आठवते. अध्यक्षपदी धर्मगुरू कसा, म्हणून विरोध झाला होता. त्यांची बाजू घेणारे तेव्हा म्हणत, ते आधी साहित्यिक आहेत, धर्मगुरुपद ही त्यांची खाजगी बाब. मला हा बचाव पटत नाही. लेखणी हातात धरली तेव्हाही ते पौरोहित्यच करत होते.

नंदाखाल हे त्यांचे वसईतले गाव. तिथून ते सेमिनरीत गेले. हा रस्ता लांबचा असतो. आधी तत्त्वज्ञान, मग चार वर्षे ईशज्ञान, अधूनमधून धर्मग्रामात प्रत्यक्ष काम. टप्प्याटप्प्यावर गुरुजन पारख करतात, आणि ज्याला हे आपले जीवन नव्हे असे वाटेल त्याला घरी परतता येते. पुढे काही काळ डीकन, ही गुरुदीक्षेआधीची पायरी, आणि अखेर बिशपांच्या हस्ते गुरुदीक्षा. येशूसंघासारख्या संघांतले धर्मगुरू दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेतात. दिब्रिटो धर्मप्रांताचे गुरू. अशा गुरूंना ब्रह्मचर्याचे आणि बिशपांच्या आज्ञेत राहण्याचे वचन द्यावे लागते.

त्यांची दीक्षा १९७२ ची. त्याआधीचे दशक मला फार मोलाचे वाटते. १९६२ ते १९६५ या काळात कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि लॅटिनमध्ये चालणारी मिस्सा ही उपासना लोकांच्या भाषेत करायला वाट मिळाली. वेदीवर मराठी येत होती त्याच काळात हा तरुण धर्मगुरू घडला. तुम्हा वाशीमकरांना यात परके काही वाटू नये. याच वत्सगुल्माच्या, म्हणजे जुन्या वाशीमच्या, सर्वसेन राजाने ‘हरिविजय’ प्राकृतात रचले. रिद्धपूरच्या महानुभावांनी आपले धर्मविचार मराठीत मांडले.

१९८३ ते २००७ दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. वसईच्या बागायतीवर इमारती चढू लागल्या, विहिरींचे पाणी टँकरने उपसून नेले जाऊ लागले, तेव्हा ते हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात उतरले. धर्मगुरूने यात का पडावे, असे विचारणारे होते. गावातल्या बाळाला बाप्तिस्मा देणाऱ्या आणि म्हाताऱ्याला मूठमाती देणाऱ्या माणसाने त्या गावाच्या विहिरीविषयी गप्प बसावे, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते.

त्यांचे सगळ्यांत मोठे काम मात्र ‘सुबोध बायबल’. त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. बायबल मराठीत आधीही होते. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली छापून झाले. एकीकडे मूळ शब्दाला धरून राहणाऱ्या विदुषी, दुसरीकडे रोज लोकांपुढे प्रवचन करणारा धर्मगुरू. इथल्या वाचनालयांनी मिळाल्यास दोन्ही ग्रंथ मागवावेत, आणि तुम्ही डोंगरावरचे प्रवचन दोन्हींत, मोठ्याने वाचून पाहावे.