पुरवठादाराची पारख
(लघुउद्योजकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



इलेक्ट्रॉनिक उपकरणे बनवू पाहणाऱ्या तरुणाचा पहिला प्रश्न असतो, सुटे भाग आणायचे कोठून? मुंबईकर त्याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाकडे, म्हणजेच आपल्या परिचयाच्या लॅमिंग्टन रोडकडे पाठवतो. दिल्लीकर लजपतराय मार्केटचे नाव घेतो. पहिला नमुना तयार करण्यासाठी या बाजारपेठा मोठा आधार आहेत. मात्र हजार नगांचे उत्पादन हाती घेतले की प्रश्न बदलतो. माल कोठे मिळतो, याहून तो कोणाकोणाच्या हातून आला, हे महत्त्वाचे ठरते.

कपॅसिटरचेच उदाहरण घ्या. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर १०५ अंश सेल्सिअस व २,००० तास असे आयुर्मान सांगितलेले असते. तापमान १० अंशांनी घटले की आयुष्य साधारणतः दुप्पट होते. या हिशोबाने ६५ अंशांवर तो सुमारे ३२,००० तास, म्हणजे अखंड वापरात साडेतीन वर्षांहून अधिक टिकावा. परंतु हे गणित अस्सल मालाचे! नकली मालात मोठ्या आवरणाआड लहान कपॅसिटर दडवलेला आढळतो. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष इलेक्ट्रोलाइटमुळे असंख्य संगणकांतील कपॅसिटर फुगले, फुटले आणि नामवंत कंपन्यांनाही त्याची झळ बसली.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. मूळ उत्पादकाच्या संकेतस्थळावर अधिकृत वितरकांची यादी असते. शोध तेथूनच सुरू करावा. वेष्टनावरील बॅच क्रमांक व निर्मितीचा सांकेतिक दिनांक तपासून नोंदवून ठेवावा. गुणवत्तेचे प्रमाणपत्र लेखी मागावे. प्रत्येक खेपेतील काही नग मोजून, तापवून पाहावेत. वर्षानुवर्षे पडून राहिलेला इलेक्ट्रोलिटिक माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. किमान खरेदीची अट एकट्याला जड जात असेल, तर चार उद्योजकांनी एकत्र येऊन मागणी नोंदवावी. आणि प्रत्येक घटकासाठी दुसऱ्या उत्पादकाचा पर्याय आधीच तपासून ठेवावा. २०१८ मध्ये सिरॅमिक कपॅसिटरची जगभर टंचाई झाली, तेव्हा या दूरदृष्टीचे मोल अनेकांना कळले.

आपल्या देशातही हे घटक बनतात. केरळमधील केल्ट्रॉन हा सार्वजनिक उद्योग कण्णूर येथे कपॅसिटर बनवतो. २८ मार्च २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने इलेक्ट्रॉनिक घटकांच्या निर्मितीसाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. परंतु केवळ योजनांनी स्वावलंबन येत नाही. देशी उत्पादकाकडे नमुना मागणे, तो कसोशीने तपासणे आणि कसोटीस उतरल्यास नियमित मागणी देणे, हे काम आपले आहे. देशी म्हणून कसोटी सैल करू नये आणि देशी म्हणून संधीही नाकारू नये.

ग्राहकाच्या घरी यंत्र बंद पडते, तेव्हा त्याला आतल्या कपॅसिटरचे नाव ठाऊक नसते. त्याला ठाऊक असते ते यंत्रावरचे आपले नाव. दोन रुपयांच्या बचतीसाठी ते पणाला लावू नका, एवढेच सांगून थांबतो.