शिरोळ तालुका आठ दिवस स्वबळावर तगेल काय?



तालुक्याच्या स्वावलंबनाविषयी बोलताना आपण सहसा उत्पादनाचे आकडे मांडतो. त्या हिशेबाने शिरोळ तालुक्याला कशाचीच ददात नाही. कृष्णा-पंचगंगेचा संगम, काळी कसदार जमीन, साखर कारखानदारी, गावोगाव दूध संस्था. तरीही ऑगस्ट २०१९ मध्ये वाटा पाण्याखाली गेल्या, पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला आणि या संपन्न तालुक्यातील वेढलेल्या गावांना बाहेरून येणाऱ्या होडीकडे डोळे लावून बसावे लागले.

कारण उघड आहे. तालुका पिकवतो ते खात नाही. ऊस कारखान्याला जातो, दूध शहराला जाते आणि डाळ, तेल, पेंड बाजारातून येते. हा व्यवहार रस्त्यावर उभा आहे. रस्ता तुटला की खिशातल्या पैशाचा उपयोग नाही. (उसाला पाजलेल्या अतिरिक्त पाण्याने जमिनी क्षारपड झाल्या, तो या समृद्धीचा आणखी एक खर्च.)

अलमट्टीची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याच्या कर्नाटकाच्या प्रस्तावावर आपले पुढारी आवेशाने बोलतात. तो लढा अवश्य लढवावा. परंतु ज्या गावात नाव नाही आणि नाव चालवणारा नाही, त्या गावाचे दैन्य अलमट्टीमुळे आलेले नाही. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसलेली होडी ८ ऑगस्ट २०१९ रोजी उलटली आणि सुटकेसाठी निघालेली माणसे बुडाली. हा दोष नदीच्या माथी मारता येणार नाही.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने राष्ट्र, राज्य आणि जिल्हा अशी प्राधिकरणे निर्माण केली. तालुक्याला तसे प्राधिकरण दिले नाही. वास्तविक ज्ञान खालीच आहे. वाडीच्या दत्तमंदिरात दक्षिणद्वार सोहळा केव्हा होईल, राजापूर बंधाऱ्यावर पाणी किती चढले म्हणजे कोणती वाट बंद पडते, हे इथल्या वृद्धांना तोंडपाठ असते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांच्या खुणा भिंतींवर आहेत. त्या नकाशावर आणायला कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

पूर सर्वांना सारखा येतो, हेही खरे नव्हे. बुडालेल्या उसाचा पंचनामा होतो, बुडालेल्या मजुरीचा होत नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराला तर आपण त्या खोलीत राहत होतो हेच आधी सिद्ध करावे लागते.

म्हणून कार्यकर्त्यांनी मे महिन्यातच घरोघर जाऊन याद्या कराव्यात : अंथरुणाला खिळलेले कोण, गरोदर स्त्रिया किती, जनावरे किती आणि ती कोणत्या उंच जागी न्यायची. सेवा सोसायटीच्या गोदामात आठ दिवसांचे धान्य आणि वैरण राखून ठेवण्याचा ठराव ग्रामसभेत मांडावा. गोदामच पूररेषेत असेल तर आधी त्याची जागा बदलावी लागेल, आणि त्यासाठी जागा देण्याची पाळी उंचावर जमीन असलेल्या बागाईतदारांवर येईल. तिथे वाद होईल. तो पावसाळ्यापूर्वी झालेला बरा.