पोरसाचे हत्ती आणि साठ सेंटिमीटरचं रण



इसवी सनपूर्व 326 मध्ये झेलमच्या काठी पोरस आणि अलेक्झांडर यांची गाठ पडली. ही लढाई टेबलावर मांडायची ठरवली, की पहिली अडचण येते ती मापाची. प्राचीन लढायांचे खेळ खेळणाऱ्यांकडे धातूचे किंवा प्लॅस्टिकचे, हातानं रंगवलेले सैनिक असतात. कुणाकडे 15 मिलिमीटर उंचीचे, कुणाकडे 28 चे, कुणाकडे जेमतेम 6 चे. नियमांचं पुस्तक मात्र एकच. ते वेगवेगळ्या उंचीच्या सैनिकांना कसं लागू करायचं?

एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ लिहिलं, तेव्हा हा प्रश्न अगदी सरळ होता. त्यांच्या खेळात स्प्रिंगच्या तोफेतून लाकडाची गोळी खरोखर उडवायची आणि समोरचे खेळण्यातले शिपाई पाडायचे. तिथे सैनिकाची उंची म्हणजे नेमबाजाच्या निशाण्याची उंची. आजच्या खेळात गोळी उडत नाही, फासे पडतात. आणि फाशाला सैनिक किती उंच आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं.

उदाहरणासाठी ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ घेऊ. खेळाडू त्याला डीबीए म्हणतात. फिल बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये 1990 साली तो आणला. सैन्य कितीही मोठं असो, प्रत्येक बाजूला बाराच तुकड्या. प्रत्येक तुकडीचे दोन-चार सैनिक एका छोट्या आयताकृती पट्टीवर चिकटवलेले असतात, तिला बेस म्हणतात. 15 मिलिमीटरच्या सैनिकांसाठी बेसची रुंदी 40 मिलिमीटर, मोठ्या सैनिकांसाठी 60. टेबलावरचं रण पहिल्यासाठी दोन फूट चौरस, म्हणजे साधारण साठ सेंटिमीटर. दुसऱ्यासाठी तीन फूट. सुरुवातीच्या आवृत्त्यांत अंतरं पावलांत दिलेली असत: शंभर पावलं म्हणजे लहान मापात 25 मिलिमीटर, मोठ्या मापात 40.

आता गंमत बघा. 28 ला 15 नं भागलं तर जवळजवळ 1.87 येतात. 60 ला 40 नं भागलं तर दीडच. नवा खेळाडू सैनिकांच्या उंचीकडे बघून सगळी अंतरं 1.87 नं वाढवतो, आणि मग त्याचे धनुर्धारी अवाजवी लांबवर बाण मारू लागतात, घोडदळ एका चालीत प्रमाणाबाहेर पुढे जातं. उंचीचा हिशेब इथे चालत नाही. हिशेब धरायचा तो बेसच्या रुंदीचा.

असं का? कारण टेबलावर दोन प्रमाणं एकाच वेळी नांदत असतात, एक माणसाचं आणि एक जमिनीचं. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजाएवढा असतो आणि तरी किल्ला किल्लाच वाटतो, तसंच हे. जरा आकडेमोड करू. एक पाऊल पाऊण मीटरचं धरलं तर शंभर पावलं 75 मीटर होतात. ती 25 मिलिमीटरमध्ये बसवली, म्हणजे जमिनीचं प्रमाण एकास तीन हजार. सैनिकाचं प्रमाण मात्र एकास शंभरच्या आसपास. 40 मिलिमीटरचा बेस म्हणजे 120 मीटरची आघाडी. मॅसेडोनियन फॅलँक्समध्ये, म्हणजे भालाईतांच्या दाट फळीत, दर माणसाला साधारण 90 सेंटिमीटर जागा आणि मागे सोळा रांगा. म्हणजे त्या एका बेसवर दोन हजारांहून जास्त माणसं उभी आहेत, आणि आपल्याला दिसतात चार!

खोलीचं गणित तर त्याहून बिघडलेलं. सोळा रांगांची खोली सुमारे पंधरा मीटर, म्हणजे या प्रमाणात 5 मिलिमीटर. बेस मात्र 15 मिलिमीटर खोल, कारण एकास शंभरच्या माणसाचे पाय त्याहून कमी जागेत मावत नाहीत. त्यात सरिसा हा लांब भाला पाच ते सहा मीटरचा. त्या मापाच्या सैनिकाच्या हातात तो पाच-सहा सेंटिमीटरचा होतो आणि बेसच्या पुढे बोटभर बाहेर येतो. दोन फॅलँक्स भिडायचे तर बेस एकमेकांना टेकले पाहिजेत, आणि भाले टेकू देत नाहीत. म्हणून अनुभवी माणसं पुढच्या रांगेचे भाले तिरपे वर धरलेले आणि मागच्यांचे उभे ठेवतात. मोठ्या सैनिकांत ही अडचण वाढते, लहानांत घटते.

आता पोरसाकडे येऊ. एरियन हा ग्रीक इतिहासकार त्याच्याकडे दोनशे हत्ती होते म्हणतो आणि दोन हत्तींत निदान शंभर फुटांचं अंतर सांगतो. ते खरं धरलं तर हत्तींचीच रांग सहा किलोमीटर होते. एकास तीन हजारानं टेबलावर दोन मीटर. आपलं रण साठ सेंटिमीटरचं, म्हणजे जेमतेम 1.8 किलोमीटर! कर्टियस हा रोमन इतिहासकार हत्तींचा आकडा 85 देतो. मला तो पटतो, पण तेवढ्यांची रांगही अडीच किलोमीटरपेक्षा लांब होते. म्हणजे झेलमच्या लढाईसाठी जमिनीचं प्रमाणच बदलायला हवं. ते बिनदिक्कत बदलावं. बारा तुकड्या म्हणजे पूर्ण सैन्य, हे एकदा मान्य केलं की एका बेसनं शंभर मीटर दाखवले काय किंवा तीनशे काय, खेळाच्या चाली तशाच राहतात. पोरसाच्या हत्तींना तीन बेस दिले तर एका बेसवरच्या एका हत्तीमागे सुमारे अठ्ठावीस हत्ती उभे आहेत, एवढं डोक्यात ठेवायचं.

डीबीएच्या 2014 च्या आवृत्तीनं ही वाट सोपी केली: अंतरं थेट बेसच्या रुंदीत मोजायची. सायमन मिलर यांच्या ‘टू द स्ट्राँगेस्ट’ या खेळात तर टेबलावर चौकोनच आखलेले असतात, तुमची तुकडी चौकोनात मावली की झालं, मोजपट्टी काढायलाच नको. टेकड्या, झाडी आणि नदी हेही बेसच्या रुंदीनंच ठरवावं. घरं आणि झाडं मात्र सैनिकांच्या उंचीला शोभतील अशी ठेवावीत, कारण डोळा माणसाशेजारी झाड बघतो आणि खटकलं तर लगेच ओळखतो.

मग कोणतं माप घ्यावं? 28 मिलिमीटरच्या सैनिकाची ढाल आणि शिरस्त्राणाचा तुरा रंगवण्यात जो आनंद आहे तो लहान मापात नाही, हे मी मनापासून मानतो. पण प्राचीन लढाई ही माणसांच्या भिंतींची लढाई होती. ती भिंत डोळ्यांना दिसायला हवी असेल तर 6 मिलिमीटरचे सैनिक घ्या आणि बेस मात्र 60 मिलिमीटरचाच ठेवा. नियमांचा एक शब्दही बदलावा लागत नाही. चार भालाईतांच्या जागी चाळीस-पन्नास उभे राहतात, भाले बेसच्या आत मावतात. बेसची खोली थोडी वाढवली तरी चालते, फक्त दोन्ही सैन्यांत ती सारखी हवी.

झेलमसाठी तर याचा खास फायदा आहे. एरियन सांगतो की हत्तींच्या मधल्या मोकळ्या जागांमागे पोरसानं पायदळ उभं केलं होतं. 28 मिलिमीटरमध्ये बेसवर एकच हत्ती मावतो आणि ही रचना दाखवता येत नाही. 6 मिलिमीटरमध्ये त्याच बेसवर पुढे तीन हत्ती अंतर ठेवून चिकटवता येतात आणि मागे, फटींच्या बरोबर रेषेत, धनुर्धाऱ्यांच्या छोट्या रांगा. खेळाच्या हिशेबात तो बेस हत्तींचाच, त्याचे गुण तेच, चाल तीच. समोर बसलेल्या खेळाडूला मात्र अलेक्झांडरच्या घोडदळाला त्या रांगेकडे थेट का जाता आलं नसेल, हे टेबलाकडे नुसतं बघून कळतं.